जुनी डिझेल ‘अमेझ सीव्हीटी’ घ्यावी का?

प्रश्न : आमचं पाच जणांचं कुटुंब. रोज पुण्यात नोकरी, महिन्यातून एकदा ताम्हिणी घाटातून कोकण. २०१९ची होंडा अमेझ डिझेल सीव्हीटी बघून ठेवली आहे. घेऊ का?

उत्तर : गाडी चांगली आहे, पण तिचा स्वभाव समजून घ्या. डिझेल इंजिन आणि सीव्हीटी ही जोडी आपल्याकडे दुर्मीळच. होंडाने ती २०१८मध्ये आणली. सीव्हीटीत ठरावीक गिअर नसतात. दोन कप्प्या आणि त्यांवरून फिरणारा पोलादी पट्टा असतो. कप्प्यांचा व्यास बदलत राहतो, म्हणून गाडी झटका न देता वेग घेते. सिग्नल-सिग्नलवरच्या पुण्यात हे सुखच.

घाटात मात्र तक्रार होईल. याच १.५ लिटर इंजिनची ताकद मॅन्युअलमध्ये १०० पीएस, सीव्हीटीत फक्त ८०. टॉर्कही २००वरून १६०वर. पाच माणसं आणि भरलेली डिकी घेऊन चढावर ॲक्सिलरेटर दाबलात, की आधी आवाज वाढतो, वेग मागून येतो. ओव्हरटेक करताना घाई नको.

खरी मेख गिअरबॉक्सच्या तेलात आहे. ते कंपनीने सांगितलेलंच हवं; भलतंच घातलं तर पट्टा घसरतो आणि दुरुस्तीचं बिल डोळे पांढरे करतं. सर्व्हिसच्या नोंदी मागा. थंड इंजिनवर गाडी चालवून बघा. निघताना थरथर किंवा कण्हल्यासारखा आवाज आला, तर व्यवहार सोडा. २०२३पासून अमेझचं डिझेल बंद आहे, तेव्हा विकणाऱ्याशी घासाघीस जरूर करा. रोजचं अंतर दहा-पंधरा किलोमीटरच असेल, तर पेट्रोल सीव्हीटी घ्या.