घटक ६ : बोलीसंग्रहाची फाइल चुकीच्या प्रोग्रॅममध्ये उघडते तेव्हा

६.१ प्रास्ताविक

मागील घटकात आपण बोलीच्या शब्दसंग्रहासाठी डेटाबेस कसा आखावा हे पाहिले. शब्द, उच्चार, अर्थ, गाव, सांगणाऱ्याचे वय, नोंदीची तारीख अशा रकान्यांचा तक्ता आपण तयार केला. प्रस्तुत घटकात त्या तक्त्याच्या फाइलवर येणाऱ्या एका अडचणीचा विचार करावयाचा आहे. अडचण तशी किरकोळ आहे. पण तिच्यामुळे घाबरून केलेली कृती किरकोळ राहत नाही.

काही वर्षांपूर्वी अकोट तालुक्यातील एक विद्यार्थिनी माझ्याकडे अमरावतीला आली. कपाशीच्या शेतीतील वऱ्हाडी शब्द हा तिचा विषय होता. पऱ्हाटी, वखर, डवरणी, सरकी येथपासून सुरुवात करून तिने गावोगावच्या बायांकडून सुमारे अकराशे नोंदी जमवल्या होत्या आणि एका संगणक केंद्रात बसून त्या मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसमध्ये भरल्या होत्या. घरच्या संगणकावर ॲक्सेस नव्हते. फाइलवर दोनदा टिचकी मारताच ‘ही कशात उघडू?’ असे विंडोजने विचारले. तिने यादीतील ओळखीचे नाव, म्हणजे नोटपॅड, निवडले आणि ‘नेहमी’ या पर्यायावरही खूण केली. पडद्यावर चौकोन आणि अगम्य चिन्हांचा सडा पडला. पुढे केंद्रातील मुलाने घरच्या संगणकावर ॲक्सेस बसवून दिले, तरी फाइल नोटपॅडमध्येच उघडत राहिली. संग्रह गेला, असे समजून तिने वह्यांवरून पुन्हा टंकायला घेतले होते. माझ्याकडे आली तेव्हा तीनशे नोंदी दुसऱ्यांदा भरून झाल्या होत्या. मूळ फाइल मात्र पूर्णपणे शाबूत होती. दुरुस्तीला दोन मिनिटेही लागली नाहीत.

६.२ नाव आणि प्रोग्रॅम यांतील संकेत

दुसऱ्या घटकात आपण सोस्यूरचा विचार अभ्यासला आहे. शब्द आणि अर्थ यांचा संबंध निसर्गदत्त नसतो. समाजाने मान्य केलेल्या संकेताने तो टिकतो. फाइलचे नाव आणि ती उघडणारा प्रोग्रॅम यांचा संबंध नेमका असाच आहे. फाइलच्या नावाच्या शेवटी एक टिंब आणि त्यापुढे काही अक्षरे असतात. या अक्षरांना एक्स्टेन्शन म्हणतात. एसीसीडीबी ही अक्षरे ॲक्सेसच्या २००७ पासूनच्या फाइलींची, एमडीबी ही त्याआधीच्या ॲक्सेसची, ओडीबी ही लिब्रेऑफिस बेसची, तर डीबीएफ ही डीबेस आणि फॉक्सप्रो यांच्या जुन्या फाइलींची. कोणत्या अक्षरांसाठी कोणता प्रोग्रॅम उघडायचा, याची नोंद विंडोज आपल्याकडे ठेवते. या नोंदीला आपण ‘जोडणी’ म्हणू.

एक्स्टेन्शन हे फाइलचे आडनाव समजावे. आडनावावरून घर कळते, माणूस कळतोच असे नाही. दर्यापूरकडच्या एखाद्या गावात ‘देशमुख’ अशी हाक मारली, तर चार वाड्यांतून ओ येते. डीबी या आडनावाचे तसेच आहे. एसक्यूलाइट या डेटाबेसच्या फाइलींना ते असते आणि विंडोज चित्रांच्या छोट्या प्रतिमा साठवण्यासाठी जी फाइल बनवत असे, तिलाही ते असे.

येथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. जोडणी चुकली तर बिघडतो तो विंडोजच्या वहीतील संकेत. फाइलच्या पोटातील मजकुराला धक्का लागत नाही. मजकुराला धक्का लागतो तो चुकीच्या प्रोग्रॅममध्ये उघडलेली फाइल आपण ‘सेव्ह’ करतो तेव्हा. नोटपॅडने ॲक्सेसची फाइल जतन केली की तिची अंतर्गत बांधणी मोडते आणि नंतर जोडणी सुधारूनही ती उघडत नाही. त्या विद्यार्थिनीने भीतीपोटी काहीही जतन केले नव्हते. तिची भीती तेवढ्यापुरती कामी आली.

६.३ फाइलची खरी ओळख

दुरुस्तीपूर्वी फाइल खरोखर कोणती आहे, हे तपासावे. त्यासाठी प्रथम तिची एक प्रत दुसऱ्या फोल्डरमध्ये करून ठेवावी. विंडोजमध्ये एक्स्टेन्शन मुळातच लपवलेले असते. वापरणाऱ्याच्या सोयीसाठी घेतलेला हा निर्णय मला कधीच पटलेला नाही. आडनाव झाकून माणूस अधिक ओळखीचा होत नाही. विंडोज ११ मध्ये फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’ मेनूतील ‘शो’मध्ये आणि विंडोज १० मध्ये ‘व्ह्यू’ पट्टीवरच ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ असा पर्याय आहे. तो सुरू करावा.

एवढ्याने शंका फिटली नाही, तर प्रत नोटपॅडमध्ये उघडून केवळ पहिली ओळ पाहावी आणि काहीही जतन न करता बंद करावी. हस्तलिखितांच्या अभ्यासकाला हे तंत्र परके नाही. पोथीच्या वेष्टनावर काहीही लिहिलेले असो, तो आधी पहिले पान उघडून पाहतो. नव्या ॲक्सेस फाइलीच्या आरंभी दोन-चार विचित्र चिन्हांनंतर ‘स्टँडर्ड एसीई डीबी’ असे रोमन अक्षरांत वाचता येते. जुन्या एमडीबीमध्ये ‘स्टँडर्ड जेट डीबी’ असते. एसक्यूलाइटच्या फाइलीचा आरंभ ‘एसक्यूलाइट फॉरमॅट ३’ असा होतो. पहिली दोन अक्षरे ‘पीके’ असतील, तर ती झिप पद्धतीने बांधलेली फाइल असते. लिब्रेऑफिस बेसच्या फाइली अशा असतात आणि एक्सेलच्या नव्या फाइलीही अशाच असतात.

काही विद्यार्थी एसीसीडीबी ही अक्षरे पुसून तेथे एक्सेलची अक्षरे लिहितात. पाटी बदलल्याने दुकानातील माल बदलत नाही.

६.४ जोडणीची दुरुस्ती

फाइलवर उजवी टिचकी मारून ‘ओपन विथ’ आणि त्यातील ‘चूज अनदर ॲप’ निवडावे. यादीतून ॲक्सेस निवडून ‘ऑल्वेज’ म्हणावे. विंडोज १० मध्ये याऐवजी ‘नेहमी हाच प्रोग्रॅम वापरा’ या अर्थाची चौकट असते, तिच्यात खूण करावी. सेटिंग्जमधील ‘ॲप्स’ आणि ‘डिफॉल्ट ॲप्स’ येथे एक्स्टेन्शन लिहूनही हाच बदल करता येतो. तेथे सर्व जोडण्या मूळपदावर नेणारे ‘रिसेट’चे बटणही आहे, एका फाइलप्रकारासाठी ते दाबू नये, कारण इतर जोडण्याही त्यासोबत बदलतात.

यादीत ॲक्सेस दिसतच नसेल, तर बहुधा ते संगणकावर नसते. ऑफिसच्या प्रत्येक संचात ॲक्सेस असते, हा समज चुकीचा आहे. अशा वेळी मायक्रोसॉफ्टचे विनामूल्य ‘ॲक्सेस रनटाइम’ उपयोगी पडते. त्यात डेटाबेस वापरता येतो. मात्र नवा तक्ता आखता येत नाही.

जोडणी योग्य आहे, तक्ता नीट उघडतो, पण मराठीच्या जागी रोमन अक्षरांची खिचडी दिसते, असेही घडते. तो जोडणीचा दोष नव्हे. ती नोंद कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेली असते आणि तिचे युनिकोडमध्ये रूपांतर करावे लागते.

६.५ योग्य वाटणारी जोडणी : सीएसव्ही

डेटाबेसमधील नोंदी दुसऱ्याला देताना आपण बहुधा सीएसव्ही ही साधी मजकूर-फाइल पाठवतो. ऑफिस असलेल्या संगणकावर ती एक्सेलला जोडलेली असते. विंडोजच्या दृष्टीने यात काहीच चूक नाही. बोलीच्या अभ्यासकासाठी मात्र हीच जोडणी सर्वांत धोक्याची आहे.

अकोल्याच्या एका विद्यार्थ्याचा संग्रह माझ्यासमोर गेला. वऱ्हाडीत ‘ळ’च्या जागी ‘य’ कसा येतो, हे तो नोंदवत होता. सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडून त्याने नवे शब्द घातले आणि ‘सेव्ह ॲज’ केले. तेथे सीएसव्हीचे एकाहून अधिक प्रकार असतात. ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ सोडून त्याने साधा सीएसव्ही निवडला. या साध्या प्रकारात विंडोजची जुनी संकेतप्रणाली वापरली जाते आणि तिच्यात देवनागरीला जागाच नाही. एक्सेल बंद करेपर्यंत पडद्यावर सर्व मराठी दिसत होते. दुसऱ्या दिवशी फाइल उघडली, तेव्हा प्रत्येक देवनागरी चिन्हाच्या जागी एक प्रश्नचिन्ह होते. ‘डोया’ म्हणजे चार प्रश्नचिन्हे. ‘केयी’ म्हणजे चार, ‘शाया’ म्हणजेही चारच. डोळा, केळी, शाळा यांच्यापासून वऱ्हाडीला वेगळे करणारा तो ‘य’ कोणत्याही जोडणीने परत येणार नव्हता. त्याच्याकडे वही होती. पण वहीत सर्व नोंदी नव्हत्या.

ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील वऱ्हाडीचे नमुने आजही पुस्तक उघडले की वाचता येतात. आपल्या संग्रहांना तेवढे आयुष्य लाभावे, यासाठी सीएसव्हीची जोडणी लिब्रेऑफिस कॅल्कला करावी, असे माझे मत आहे. कॅल्क फाइल उघडण्यापूर्वी तिची संकेतप्रणाली विचारते. तेथे यूटीएफ-८ निवडावे. एक्सेलच वापरायचे असेल, तर फाइलवर टिचकी न मारता ‘डेटा’ पट्टीवरून ‘टेक्स्ट/सीएसव्ही’ आयात करावी, ६५००१ हा यूटीएफ-८ चा क्रमांक निवडावा आणि रकान्यांचा प्रकार ‘टेक्स्ट’ ठेवावा. असे न केल्यास इंग्रजी अंकांत लिहिलेला ‘३-४’ हा वही-पृष्ठ क्रमांक एक्सेल परस्पर तारीख करून टाकते. या सवयीचा त्रास जीवशास्त्रज्ञांनाही झाला. मार्च आणि सप्टेंबर यांच्या इंग्रजी नावांशी जुळणारी काही मानवी जनुकांची नावे याच कारणाने बदलण्यात आली. त्यासंबंधीचे नियम २०२० मध्ये प्रसिद्ध झाले.

६.६ स्वाध्याय

१. फाइलचे एक्स्टेन्शन आणि शब्द यांची तुलना कोठपर्यंत ग्राह्य आहे? सोस्यूरच्या विचाराच्या आधारे सुमारे १५० शब्दांत लिहा.

२. ‘पऱ्हाटी’ हा शब्द साध्या सीएसव्ही प्रकारात जतन केल्यास किती प्रश्नचिन्हे उरतील? युनिकोडमधील प्रत्येक चिन्ह सुटे मोजा. हलन्ताचे चिन्हही धरा.

३. क्षेत्रकार्य : आपल्या गावातील शेती, स्वयंपाक किंवा बाजार यांपैकी एका क्षेत्रातील वीस शब्द डेटाबेसमध्ये भरा. फाइल दुसऱ्या संगणकावर नेऊन उघडा आणि ती कोणत्या प्रोग्रॅममध्ये उघडली, जोडणी बदलावी लागली का, सर्व वीस शब्द जसेच्या तसे दिसले का, याची नोंद हस्तलिखित वहीसह अभ्यासकेंद्रावर सादर करा.