मोटारीचे तेल आणि दांडीवरच्या दोन खुणा

बैलगाडीच्या आसाला वंगण नसले म्हणजे काय होते, हे आपल्याला सांगायला नको. चाक कुरकुरते, आस झिजतो, बैलांना ओढ पडते. मोटारीच्या इंजिनाचेही तसेच आहे. फरक एवढाच की बैलगाडी कुरकुरून सांगते. इंजिन बहुधा सांगत नाही, आणि सांगते तेव्हा उशीर झालेला असतो.

आपल्या सोलापूर जिल्ह्यात आता गावोगाव मोटारी झाल्या आहेत. कोणाची जीप, कोणाचा टेंपो, कोणाची जुनी कार. तसा मोटारीचा आणि सोलापूरचा संबंध जुना आहे. वालचंद हिराचंद यांचा जन्म सोलापूरचा, सन १८८२ चा. त्यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि मुंबईला कुर्ल्याच्या कारखान्यात मोटारी तयार होऊ लागल्या. पुढे फियाट आणि पद्मिनी या गाड्या तिथल्याच. मोटार बनवणे हे मोठ्या कारखान्याचे काम. ती सांभाळणे मात्र आपल्या हातात आहे. त्यासाठी दोन खुणा वाचता आल्या की पुरे.

या पाठात आम्ही 'तेल' म्हणू, तेव्हा इंजिन ऑईल समजावे. पेट्रोल आणि डिझेल जाळण्यासाठी असते. तेल जाळण्यासाठी नसते. ते इंजिनाच्या तळाच्या भांड्यात असते. मिस्त्री लोक त्याला चेंबर म्हणतात. गाडी चालू झाली की एक पंप ते तेल वर ढकलतो. सगळ्या फिरत्या भागांवरून ते वाहते आणि पुन्हा चेंबरमध्ये उतरते. गाडी रस्त्यावर असताना इंजिन मिनिटाला २,००० ते ३,००० फेरे घेते. एवढ्या वेगात लोखंडावर लोखंड घासू नये, म्हणून मध्ये तेलाचा पातळ थर लागतो. हे तेल उष्णता वाहून नेते आणि काजळीही धुऊन काढते. डिझेल गाडीचे नवे तेल थोड्याच दिवसांत काळे होते, ते याच कारणाने. काळे झाले म्हणजे नासले, असे समजू नये.

तेल किती आहे ते कसे पाहावे? गाडी सपाट जागी उभी करावी. तुळजापूरच्या घाटात चढावर गाडी थांबवून तेल पाहिले, तर ते एका अंगाला जाते आणि दांडी चुकीचे सांगते. इंजिन बंद करून ५ ते १० मिनिटे थांबावे, म्हणजे वरचे तेल खाली उतरते. मग बोनेट उघडावे. इंजिनाच्या बाजूला कडी असलेली एक लांब दांडी दिसेल. ती ओढून काढावी आणि स्वच्छ फडक्याने पुसावी. पुन्हा शेवटपर्यंत आत घालून बाहेर काढावी. पहिल्यांदा काढलेल्या दांडीवर तेल इकडे तिकडे लागलेले असते, त्यावर भरवसा ठेवू नये. दांडीच्या टोकाकडे दोन खुणा असतात. तेलाची ओल या दोन खुणांच्या मध्ये असावी. खालच्या खुणेखाली गेली तर तेल कमी. वरच्या खुणेच्या वर गेली तर तेल जास्त. आठवड्यातून एकदा, आणि लांबच्या प्रवासाला निघण्याआधी, हे काम करावे. पंढरपूरला माणसे भरून निघायचे असेल तेव्हा तर विसरूच नये.

पुष्कळ लोक म्हणतात, "तेल कमी झाले तर समोरचा लाल दिवा लागेलच की! रोज दांडी कशाला बघायची?" इथे मोठी गफलत होते. दिव्यावर तेलाच्या झारीचे चित्र असते, म्हणून लोकांना वाटते की तो तेल किती आहे ते सांगतो. लाल दिवा तेलाचा दाब सांगतो. पंपाला ओढायला पुरेसे तेल उरले नाही, की दाब पडतो आणि दिवा लागतो. तोवर तेल खालच्या खुणेच्याही कितीतरी खाली गेलेले असू शकते.

आमच्या शेजारच्या गावातील एका कुटुंबाने कर्ज काढून जुना टेंपो घेतला होता. दोघे भाऊ पाळीपाळीने चालवीत. कांद्याचे दिवस होते. सोलापूरच्या मार्केट यार्डात माल उतरवून धाकटा रात्री परत येत होता. वाटेत लाल दिवा लागला. गाव ८ किलोमीटर राहिले होते. एवढ्यासाठी काय थांबायचे, सकाळी बघू, असे त्याला वाटले. गावाच्या अलीकडेच इंजिनात ठोके पडू लागले आणि गाडी जागच्या जागी जाम झाली. मिस्त्रीने चेंबर उतरवले, तेव्हा बेअरिंगे भाजून निघाली होती. अशा इंजिनात मग डबाभर तेल ओतूनही काही होत नाही. कांद्याचे भाडे गेले, हप्ता थकला, आणि इंजिनाचा खर्च वेगळा. थोरल्याने पुढे दोन महिने दुसऱ्याच्या गाडीवर रोजाने काम केले. धाकट्याला बोल लावण्यात अर्थ नाही. दिव्याचा अर्थ त्याला कोणी सांगितलाच नव्हता.

लाल दिवा लागला तर गाडी लगेच बाजूला घ्यावी आणि इंजिन बंद करावे. थांबून दांडी पाहावी. तेल कमी असेल तर भरावे. भरूनही दिवा विझत नसेल, तर गाडी चालवू नये. दुसऱ्या गाडीला बांधून ओढून न्यावी.

तेल भरतानाही घाई नको. लहान गाड्यांत दोन खुणांमधले अंतर बहुधा लीटरभर तेलाचे असते. आपल्या गाडीचे नेमके माप गाडीच्या पुस्तकात असते. एकदम लीटर ओतू नये. पाव लीटर घालावे, थोडे थांबावे, दांडी पाहावी. "जरा जास्त असले तर बरेच" हा समज खोटा आहे. तेल फार झाले, तर फिरता दांडा ते रवीसारखे घुसळतो. त्याला फेस येतो. फेसाने दाब राहत नाही, आणि सांध्यांतून तेल बाहेर पडू लागते. जास्त झालेले तेल काढून टाकावे. चेंबरचा नट सैल करून किंवा दांडीच्या भोकातून नळीने ओढून मिस्त्री ते काढतो.

आता तेल जाते कुठे? दोनच वाटा आहेत. एक गळती. सकाळी गाडी जिथे उभी होती तिथली जमीन पाहावी. काळे डाग असतील, तर चेंबरचा नट, फिल्टर किंवा गॅस्केट पाहून घ्यावे. दुसरी वाट जळण्याची. मागून निळसर धूर येत असेल, तर रिंगा किंवा व्हॉल्व्हचे सील झिजले असे समजावे. आपल्याकडची धूळ याला कारण होते. उन्हाळ्यात कच्च्या रस्त्यावर हवेचा फिल्टर भरून जातो. तो फाटला किंवा नीट बसला नाही, की धूळ आत जाऊन रिंगा घासते. फिल्टर स्वस्त, रिंगा महाग.

न भरताच तेल वाढले, तर मात्र आनंद मानू नये. ते दूध घातलेल्या चहासारखे दिसत असेल, तर पाणी मिसळले आहे. बहुधा हेड गॅस्केट गेलेले असते. पातळ होऊन डिझेलचा वास येत असेल, तर डिझेल मिसळले आहे. १ एप्रिल २०२० पासून ज्या बी.एस. ६ गाड्या विकल्या जातात, त्यांतल्या बऱ्याच डिझेल गाड्यांना काजळी अडवणारा फिल्टर असतो. ती काजळी जाळायला इंजिन मधूनमधून जादा डिझेल सोडते. गाडी नेहमी दोन-तीन किलोमीटरच चालली, तर हे जाळणे अर्धे राहते आणि डिझेल तेलात उतरते. अशी गाडी अधूनमधून लांब चालवावी. पाणी किंवा डिझेल मिसळलेले तेल कामाचे नाही. कारण शोधून तेल बदलावे.

दुकानात "एक डबा ऑईल द्या" एवढेच म्हणू नये. डब्यावर २०डब्ल्यू-४०, १५डब्ल्यू-४० असे आकडे असतात. आपल्या गाडीचा आकडा पुस्तकात पाहून घ्यावा. डब्यावरची अक्षरे इंग्रजी असतात. ती येत नसतील तर रिकामा डबा जपून ठेवावा आणि त्याच्याशी जुळवून पाहावे. आकडा, अक्षरे दोन्ही जुळली पाहिजेत. बदललेले जुने तेल ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये. झाकणाच्या डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे द्यावे.

शेवटची गोष्ट वहीची. गाडीत एक लहान वही ठेवावी. तेल घातले की तारीख, किलोमीटरचा आकडा आणि किती तेल घातले ते लिहावे. किती तेल खपले तर चालते, हे प्रत्येक गाडीच्या पुस्तकात निराळे असते. पण खप वाढतो आहे की नाही, हे आपली वहीच सांगते. खालचे उदाहरण सोडवून पाहा.

एका जीपमध्ये ४१,२०० किलोमीटरला तेल वरच्या खुणेपर्यंत होते. ४२,७०० ला ७५० मिलिलीटर घातले, तेव्हा ते पुन्हा वरच्या खुणेला आले. पुढे ४३,२०० ला ५०० मिलिलीटर घालावे लागले. दोन्ही वेळा १,००० किलोमीटरला किती तेल खपले? खप वाढला की कमी झाला? या जीपच्या मालकाने आता काय काय तपासून पाहावे?