हिरवा दिवा लागला नाही तर

प्रवासी विमानं चालवण्यात माझी हयात गेली. आता मी नव्या वैमानिकांना सिम्युलेटरवर शिकवतो. उतरायच्या वेळीच एखादं यंत्र रुसलं तर काय करायचं, हा प्रश्न प्रत्येक तुकडी विचारते. माझं सांगणं एवढंच असतं, की बिघाड सांभाळण्याआधी आपलं लक्ष सांभाळा. पुढचे मुद्दे म्हणजे त्याचीच फोड.

१. आधी विमान उडवा.
२९ डिसेंबर १९७२ च्या रात्री ईस्टर्न एअर लाइन्सचं ४०१ क्रमांकाचं विमान मायामीला उतरत होतं. पुढच्या चाकाचा हिरवा दिवा लागेना, म्हणून ते दोन हजार फुटांवर घिरट्या घालू लागलं आणि कॉकपिटमधले सगळे त्या दिव्यात गुंतले. मधेच ऑटोपायलटने उंची धरून ठेवणं सोडलं, विमान हळूहळू खाली येत गेलं आणि एव्हरग्लेड्सच्या दलदलीत कोसळलं. शंभरच्या आसपास माणसं गेली. चाक व्यवस्थित खाली आलेलं होतं, फक्त दिव्याचे बल्ब जळले होते. म्हणून इशारा वाजला की माझी नजर आधी उंची, वेग आणि दिशा यांवर जाते. बिघाड त्यानंतर.

२. उतरायची घाई सोडा.
मुंबईत ऐन पावसाळ्यात, एअरबस ए-३२० वर, हे मी स्वतः अनुभवलं. चाकं खाली टाकली, मागच्या दोन्ही चाकांचे दिवे हिरवे झाले, पुढच्याचा लाल राहिला. समोर धावपट्टीचे दिवे दिसत होते आणि आता उतरूनच टाकावं, असा मोह होत होता. मी ‘गो-अराउंड’ म्हटलं आणि विमान वर नेलं. जमिनीजवळ विचाराला सेकंद मिळतात, वर गेल्यावर मिनिटं मिळतात. हातात इंधन असेल तर ती मिनिटं घ्यावीत.

३. एकाने उडवावं, दुसऱ्याने वाचावं.
वर गेल्यावर विमान मी फर्स्ट ऑफिसरच्या हाती दिलं आणि चेकलिस्ट मी हातात घेतली. पाठ असली तरी ती मोठ्याने वाचायची. एकाने पायरी सांगायची, दुसऱ्याने दुजोरा द्यायचा आणि मगच बटणाला हात लावायचा. चाकं एकदा वर घेऊन पुन्हा खाली टाकली, तरी लाल दिवा गेला नाही. मग उरला शेवटचा उपाय. ए-३२० मध्ये दोन्ही आसनांच्या मधे एक हँडल असतं. ते तीनदा फिरवलं की हायड्रॉलिक दाब बाजूला होतो आणि चाकं स्वतःच्या वजनाने खाली पडून जागेवर पक्की बसतात. फिरवलं, आणि तिन्ही दिवे हिरवे झाले. मात्र असं केल्यावर पुढचं चाक कॉकपिटमधून वळवता येत नाही. म्हणून धावपट्टीवरच थांबायचं आणि विमान ओढणारा टग बोलवायचा, हे आम्ही उतरण्याआधीच ठरवून टाकलं.

४. घड्याळावर एकाची नजर हवीच.
मिळालेला वेळही संपतो. २८ डिसेंबर १९७८ ला युनायटेड एअरलाइन्सचं १७३ क्रमांकाचं डीसी-८ विमान पोर्टलंडजवळ चाकांच्या शंकेमुळे जवळपास तासभर फिरत राहिलं. इंधन संपत आल्याचं सहकारी सांगत होते, पण कॅप्टनचं मन चाकांत अडकलेलं. अखेर चारही इंजिनं बंद पडली आणि दहाजण दगावले. म्हणून होल्डिंगला, म्हणजे घिरट्या घालायला, जातानाच किती इंधन उरलं की उतरायला निघायचं, तो आकडा मी मोठ्याने सांगतो. कनिष्ठाला त्या आकड्याची आठवण करून देण्याचा हक्क आहे, आणि ज्येष्ठाने ते ऐकून घेतलंच पाहिजे.

५. मदत स्पष्ट शब्दांत मागा.
‘थोडा प्रॉब्लेम आहे’ म्हटल्याने कंट्रोलरला काहीच कळत नाही. काय बिघडलंय, किती वेळ हवाय, विमानात किती माणसं आहेत, अग्निशमन दल हवं का, हे थेट सांगा. परिस्थिती तशी असेल तर ‘पॅन पॅन’ किंवा ‘मेडे’ हे संकटाचे इशारे देताना संकोच नको. धावपट्टीही विचारपूर्वक निवडा. पंखांचे फ्लॅप उघडले नाहीत तर जास्त वेगाने उतरावं लागतं आणि थांबायला जास्त जागा लागते. पुण्याची धावपट्टी सुमारे अडीच हजार मीटरची, मुंबईची मुख्य धावपट्टी सुमारे ३,४०० मीटरची. अशा वेळी हा फरक जिवाचा ठरतो.

६. केबिनला अंधारात ठेवू नका.
केबिन क्रूच्या प्रमुखाला चार गोष्टी सांगायच्या: काय झालंय, आपण काय करणार, किती वेळ आहे आणि विशेष सूचना कोणती. त्यांच्याकडून त्या परत म्हणवून घ्यायच्या. मग प्रवाशांशी कॅप्टनने स्वतः बोलावं, साध्या शब्दांत आणि खरं. ओळखीच्या, स्थिर आवाजाने माणसं सावरतात.

७. चाकं टेकली तरी काम संपत नाही.
२१ सप्टेंबर २००५ ला जेटब्लूच्या २९२ क्रमांकाच्या ए-३२० चं पुढचं चाक आडवं वळून अडकलं. वैमानिकांनी इंधन जाळण्यासाठी दोन तासांहून जास्त वेळ घिरट्या घातल्या, मग लॉस एंजेलिसला उतरताना नाक जमेल तितका वेळ वर धरून ठेवलं. टायर जळाले, ठिणग्या उडाल्या, पण विमान धावपट्टीच्या मध्यरेषेवर थांबलं. प्रवासी साध्या जिन्याने उतरले, कुणालाही इजा झाली नाही. आपत्कालीन घसरगुंडीवरून घाईने उतरताना माणसं जखमी होऊ शकतात. आग नसेल तर आधी अग्निशमन दलाला विचारा, मग निर्णय घ्या.

८. सगळं लिहून ठेवा.
उतरल्यावर लॉगबुकात आणि अहवालात जसं घडलं तसं लिहा, किरकोळ वाटलेलंही. ईस्टर्न आणि युनायटेडच्या चौकशा प्रामाणिकपणे झाल्या, म्हणूनच कॉकपिटमध्ये कामं वाटून घेणं आणि कनिष्ठाने बेधडक बोलणं आज जगभर शिकवलं जातं. माझ्या हातातली चेकलिस्ट आधीच्या कुणाच्या तरी वाईट दिवसातून आली आहे. पुढच्या वैमानिकाला ती आणखी नेमकी मिळावी, हे आपलं देणं आहे.