थेंब पडतो तिथे भोक नसतं

पळस्पे फाट्याजवळच्या एका गोदामात देखभालीचं काम मी बघतो. जेएनपीए (पूर्वीच्या जेएनपीटी) बंदराचा माल या पट्ट्यात उतरतो, त्यामुळे कोल्ड स्टोरेजही इथे बरीच. आमच्या कोल्ड रूमचं छप्पर पफ पॅनेलचं, म्हणजे दोन पत्र्यांच्या मधे पीयू फोम, उतार नावापुरता. गेल्या पावसाळ्यात एका कोपऱ्यात थेंब पडू लागले. ठेकेदाराच्या माणसांनी नेमकं त्याच्या वरती सीलंट फासलं आणि निघून गेले. पाऊस संपला, ऑक्टोबरचं ऊन तापलं, तरी थेंब सुरूच. कॉम्प्रेसर थांबेना, वीजबिल चढत गेलं. अखेर पॅनेल कापलं. आतला फोम ओलागच्च आणि पत्र्यापासून सुटलेला. पाणी शिरलं होतं बरंच वर, दोन पॅनेल एकमेकांवर येतात त्या जोडातून. आतल्या आत उतरत ते कोपऱ्यात आलं होतं.

ओला फोम पुन्हा सहजासहजी वाळत नाही. पाणी पीयू फोमच्या वीसपटीहून जास्त उष्णता वाहून नेतं, त्यामुळे असं छप्पर असून नसल्यासारखं. वर सीलंट मारलं की ओल आत कोंडली जाते.

पाऊस थांबल्यावरही थेंब का? हवेतल्या बाष्पामुळे. थंड देशांत ऊब घराच्या आत असते, म्हणून तिथे बाष्प अडवणारा थर आतून देतात. आपल्याकडे दमट ऊब बाहेर आणि गारवा आत. अडवायचं ते बाहेरूनच. वरचा पत्रा ते काम करतो, पण जोड, स्क्रू, पाइपची भोकं बंद असतील तरच. परदेशी रेखाटनं जशीच्या तशी उचलणाऱ्यांना हे बजावून सांगावं लागतं.

मे महिन्यात छपरावर चढा. पन्हळीतला पाला काढा, स्क्रूखालचे तडकलेले रबरी वॉशर बदला, पन्हळीकडच्या कापलेल्या कडांवर पत्र्याची टोपी आहे का बघा; उघडा फोम तिथूनच पाणी ओढतो. सोलर किंवा एसीवाल्यांना पॅनेलवर वाटेल तिथे चालू देऊ नका. पहाटे एखाद्याच भागावर जास्त दव साचत असेल, तर तिथला फोम भिजला असं धरा.

आमच्या रायगडात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पावसाळ्याआधी ओलं पॅनेल काढून नवं बसवा आणि जोडांवर पाइपने पाणी सोडून बघितल्याशिवाय ठेकेदाराचं बिल चुकतं करू नका.