काठी शेंबीकडून पाहा

जुनी काठी विकणारा ती मुठीकडून दाखवतो. चांदीचा कुत्रा, हस्तिदंती घोडा आणि वर ‘साहेबाची आहे’ ही पुरवणी. मुंबईच्या चोरबाजारात मी अशीच एक वेताची काठी घेतली. तिच्या चांदीच्या पट्टीवर बर्मिंगहॅमचा जहाजी नांगर आणि चालता सिंह असे छाप होते. पट्टी अस्सलच होती, पण घरी ती सैल झाली तेव्हा खाली ताजा सरस दिसला. दुसऱ्या काठीची पट्टी नव्या वेतावर चढवली होती. छाप चांदीचं वय सांगतो, काठीचं नाही.

तेव्हापासून मी शेंबीपासून सुरुवात करतो. चालताना काठी तिरकी टेकते, म्हणून शेंबी एका बाजूने जास्त झिजते. सगळीकडून सारखी घासली असेल तर कानस चालली आहे, असं समजा. शेंबी नवी असणं हा दोष नाही. वापरातल्या काठ्यांच्या शेंब्या बदलतच असत. मग मूठ पाहा. हात लागतो तिथे गुळगुळीत, खाचेत मळ, हे स्वाभाविक. उंचवट्यांवरही तितकाच काळपटपणा असेल तर तो बूटपॉलिशचा असू शकतो. आट्यांनी जोडलेली, पितळी मुठीत होकायंत्र असलेली तीन तुकड्यांची काठी बहुधा आजची शोभेची वस्तू असते.

मुठीचा पदार्थ भिंगाखाली तपासा. आडव्या छेदात जाळीसारख्या एकमेकींना छेदणाऱ्या रेषा हस्तिदंताच्या, बारीक काळे ठिपके हाडाचे, एकसारख्या समांतर रेषा बहुधा सेल्युलॉइडच्या. तापलेली सुई टोचू नका. सेल्युलॉइड भडकन पेटतं.

मूठ खरोखर हस्तिदंती निघाली तर व्यवहार तिथेच थांबवा. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार हस्तिदंताचा व्यापार गुन्हा आहे, वस्तू कितीही जुनी असो. मूठ फिरवून, ओढूनही पाहा. आत पातं निघालं तर ती गुप्ती. शस्त्र कायद्याचं लचांड मागे लागेल. शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची काठी परदेशातल्या नातलगाला पाठवायचा बेत असेल तर पुरातत्त्व खात्याला आधी विचारा. पुरावस्तूंची खासगी निर्यात 1972 च्याच दुसऱ्या एका कायद्याने बंद आहे.

पावतीवर लाकूड, धातू, मुठीचा पदार्थ आणि दुरुस्ती लिहून मागा. विक्रेता लिहून देईल तेवढ्याचेच पैसे द्या. साहेबाची गोष्ट फुकट ऐका.