कुत्रा ऐकत का नाही? : डाल्मेशियनच्या शिक्षणाविषयी थोडेसे

मराठीत ‘ऐकणे’ या क्रियापदाचे दोन अर्थ आहेत. कानांनी ऐकणे हा एक आणि सांगितलेले मानणे हा दुसरा. ‘पोर ऐकत नाही’ असे आई म्हणते तेव्हा तिला दुसरा अर्थ अभिप्रेत असतो. कुत्र्याच्या बाबतीत या दोन अर्थांची गल्लत झाली, की त्याची किंमत त्या मुक्या प्राण्याला मोजावी लागते. मानसशास्त्राचा विद्यार्थी म्हणून अध्ययनाचे सिद्धांत अभ्यासताना मला डाल्मेशियन जातीचे उदाहरण याच कारणाने महत्त्वाचे वाटले.

पांढऱ्या अंगावर काळे किंवा तपकिरी ठिपके असलेला हा कुत्रा सर्वांच्या परिचयाचा आहे. पिल्लू जन्मते ते मात्र पांढरेच. ठिपके साधारणतः दोन आठवड्यांनंतर उमटू लागतात. क्रोएशियातील डाल्मेशिया प्रांतावरून या जातीला नाव मिळाले, पण तिची खरी कीर्ती झाली ती इंग्लंडमध्ये. तेथे हा कुत्रा श्रीमंतांच्या घोडागाडीबरोबर मैलोगणती धावत असे. पुढे डोडी स्मिथ यांची १९५६ ची कादंबरी आणि तीवरील डिस्नेचा १९६१ चा चित्रपट यांमुळे तो मुलांचा लाडका झाला. चित्रातले पिल्लू पाहून घरी आणणारे पुष्कळ निघाले. आणि ‘हट्टी आहे, ऐकत नाही’ म्हणून काही महिन्यांत सोडून देणारेही निघाले.

हा हट्ट म्हणजे नेमके काय? पहिली गोष्ट अशी, की गाडीबरोबर धावण्यासाठी जोपासलेल्या प्राण्याला आपण दिवसभर गॅलरीत बांधून ठेवतो. अशा कुत्र्याचे लक्ष शिकण्याकडे लागणार कसे? म्हणून धडा देण्यापूर्वी त्याला भरपूर फिरवावे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे काम पहाटे किंवा दिवस मावळल्यावरच करावे.

दुसरी गोष्ट शिकविण्याच्या पद्धतीची. थॉर्नडाइकने १८९८ मध्ये मांजरांवरील प्रयोग प्रसिद्ध केले आणि त्यांतून पुढे ‘परिणामाचा नियम’ मांडला : ज्या कृतीचा परिणाम सुखद, ती कृती पुन्हा घडते. शिक्षेचा परिणाम बक्षिसाइतका भरवशाचा नसतो, हेही त्याने पुढे मान्य केले. स्किनरच्या ‘साधक अभिसंधाना’चा पाया हाच आहे. ‘बस’ शिकवावयाचे असेल, तर खाऊचा तुकडा पिल्लाच्या नाकासमोर धरून हात हळूहळू डोक्याच्या मागे न्यावा. मान वर होते आणि पार्श्वभाग आपोआप खाली टेकतो. टेकताक्षणीच खाऊ द्यावा. उशीर झाला तर बक्षीस उठण्याला मिळाले, असा त्याचा समज होतो. एका वेळी पाच मिनिटे पुरेत. घरात एकाने ‘बस’, दुसऱ्याने ‘खाली बस ना रे’ आणि तिसऱ्याने ‘सिट’ म्हटले, तर गोंधळ कुत्र्याचा नव्हे, घराचा असतो. ‘ये’ म्हणून बोलावून रागावणे तर सर्वांत वाईट. कारण त्यातून ‘जवळ गेले की मार बसतो’ एवढेच तो शिकतो.

खाऊच्या बाबतीत या जातीची एक अडचण लक्षात ठेवली पाहिजे. आनुवंशिक दोषामुळे डाल्मेशियनच्या लघवीत युरिक आम्ल फार असते आणि मूतखडे होण्याचा धोका असतो. म्हणून इतर कुत्र्यांना सर्रास दिले जाणारे काळजाचे तुकडे याला देऊ नयेत. उकडलेले अंडे, पनीर किंवा गाजर यांचे बारीक तुकडे चालतात. पाणी मात्र सतत भरलेले हवे.

तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर आहे. अमेरिकेतील तपासण्यांत सुमारे ३० टक्के डाल्मेशियन एका किंवा दोन्ही कानांनी बहिरे आढळले; दोन्ही कानांनी बहिरे असलेले सुमारे ८ टक्के होते. अंतर्कर्णात रंगपेशी नसल्या, की तेथील रक्तपुरवठा बंद पडतो आणि जन्मानंतर काही आठवड्यांतच श्रवणशक्ती जाते. एकाच कानाने ऐकणाऱ्या कुत्र्याला आवाज येतो, पण तो कोणत्या दिशेने आला हे कळत नाही. हाक मारली, की तो भलतीकडे पाहतो; आणि मालक म्हणतो, मुद्दाम करतो! घरी टाळी वाजवून हा दोष उमगत नाही. त्यासाठी मेंदूतील विद्युत्‌संकेत मोजणारी श्रवणचाचणी करावी लागते.

पूर्णतः बहिरी पिल्ले पूर्वी पैदास करणारे मारून टाकीत. वस्तुतः वर सांगितलेला नियम त्यांनाही लागू पडतो. फक्त शब्दाच्या जागी हाताची खूण येते. तळहात वर नेला की ‘बस’, अंगठा उंचावला की ‘शाबास’. मात्र अशा कुत्र्याला झोपेतून एकदम हलवून उठवू नये आणि रस्त्यावर पट्ट्याविना सोडू नये. माझ्या मते, ऐकू येणाऱ्या पिल्लालाही शब्दाबरोबर खूण शिकवावी. म्हातारपणी कान मंदावले, तरी संवाद तुटत नाही.

तेव्हा एखादा डाल्मेशियन ऐकत नाही अशी तक्रार कानी आली, तर काठी शोधण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : तो आज पुरेसा धावला आहे काय? घरातील सर्वांची आज्ञा एकच आहे काय? आणि त्याला दोन्ही कानांनी ऐकू येते काय? आपल्यापैकी पुष्कळजण उद्या शिक्षक होणार आहेत. मागच्या बाकावरच्या ‘न ऐकणाऱ्या’ मुलाविषयीही असे प्रश्न आधी विचारता आले, तर या अभ्यासाचा उपयोग कुत्र्यांपुरताच राहणार नाही.