साडेसातशे फुटांवरचा शेजारी

१. दुसरं विमान जवळ दिसलं म्हणून वाटलेली भीती लवकर ओसरते. ते कशाच्या भरवशावर इतकं जवळ आहे हे कळल्यावर आलेली अस्वस्थता मात्र टिकते. मुलीकडे सॅन फ्रान्सिस्कोला जाताना विमान खाडीवरून खाली येत होतं आणि डाव्या खिडकीत, आमच्याच उंचीवर, दुसरं विमान सोबत उतरत होतं. शेजारी बसलेला पुण्याचा मुलगा म्हणाला, "काका, इथे हे रोजचंच आहे." खरंच रोजचं होतं. तिथल्या २८ लेफ्ट आणि २८ राइट या समांतर धावपट्ट्यांच्या मध्यरेषांत अंतर फक्त ७५० फूट, म्हणजे सव्वादोनशे मीटरच्या आसपास. आकाश स्वच्छ असलं की तिथे विमानं जोडीजोडीनं उतरवत.

२. माझी नोकरी रेल्वेच्या सिग्नल खात्यातली. डोळ्यांवर विसंबून गाडी सोडायची नाही, हा आमचा पहिला धडा. एका ब्लॉकमध्ये एकच गाडी. पुढच्या स्टेशनानं लाइन क्लिअर दिल्याशिवाय सिग्नल पडायचा नाही, आणि दोन स्टेशन मास्तरांचं फोनवर नुसतं 'हो' पुरत नाही. प्रायव्हेट नंबर घ्यायचा, लिहायचा, वापरलेला खोडायचा. हे सगळं हाडीमाशी मुरलेल्या माणसाला वरची रीत ऐकून धक्काच बसतो. नियंत्रक विचारतो, शेजारचं विमान दिसतंय का? वैमानिक म्हणतो, दिसतंय. मग नियंत्रक सांगतो, नजरेत ठेवा आणि अंतर राखा. झालं, तिथून पुढे अंतर राखण्याची जबाबदारी वैमानिकाची. ढग खाली आले, शेजारी दिसेनासा झाला, की जोड्या मोडत आणि तासाला उतरणाऱ्या विमानांची संख्या जवळपास निम्म्यावर येई. टक्कर टाळायला सांगणारं यंत्र विमानात असतं. आपल्याकडे ते सक्तीचं झालं १९९६ च्या नोव्हेंबरात चरखी दादरीच्या आकाशात ३४९ माणसं गेल्यानंतर. पण जमिनीपासून साधारण हजार फुटांच्या खाली तेही 'वर जा, खाली जा' असे आदेश देणं थांबवतं. शेवटच्या मिनिटाला उरते ती माणसाची नजर. या नजरेबद्दल मला धास्ती वाटते, आणि ती वर्षानुवर्षं एवढी विमानं सुखरूप उतरवते म्हणून अपार आदरही वाटतो. दोन्ही एकाच वेळी वाटतं, आणि त्यातलं एकही सोडायची माझी तयारी नाही.

३. थकलेल्या माणसाला समोर असतं ते दिसत नाही, असायला हवं ते दिसतं. याच विमानतळावरची ७ जुलै २०१७ ची रात्र मी अहवालांतून पुन्हा पुन्हा वाचली आहे. टोरांटोहून आलेलं एअर कॅनडाचं एअरबस ए-३२०, आत १४० माणसं. रात्रीचे बारा वाजायला काही मिनिटं होती. वैमानिकांच्या शरीराच्या घड्याळात पहाटेचे तीन. कॅप्टन एकोणीस तासांहून जास्त वेळ जागा होता. त्या रात्री २८ लेफ्ट बंद होती, तिचे दिवे मालवलेले. ही सूचना त्यांच्याकडच्या कागदांत होती. सत्तावीस पानांत, आठव्या पानावर. ती मनात ठसली नव्हती. त्यामुळे दोन धावपट्ट्या दिसणार असं गृहीत धरून आलेल्या डोळ्यांनी दोन शोधल्या. २८ राइटला त्यांनी २८ लेफ्ट मानलं आणि तिच्या उजवीकडच्या टॅक्सीवेला २८ राइट. त्या टॅक्सीवेवर चार प्रवासी विमानं उड्डाणासाठी रांगेत उभी होती, माणसांनी आणि इंधनानं भरलेली. पहिल्या विमानावरून ए-३२० गेलं तेव्हा ते शंभर फुटांवर होतं. मग साठ फुटांपर्यंत खाली आलं आणि तिथून उचललं गेलं. रांगेतल्या दुसऱ्या विमानाची शेपटी पंचावन्न फूट उंच होती. हे आकडे मी जवळच्या माणसांना सांगतो तेव्हा आजही माझा आवाज नीट राहत नाही.

४. योग्य प्रश्न विचारला आणि खरं उत्तर मिळालं तरी दोघं वेगळ्या जागेबद्दल बोलत असू शकतात. त्या रात्रीच्या कहाणीत मला सर्वांत जास्त नमवणारी गोष्ट हीच. वैमानिकांना शंका आली होती. त्यांनी टॉवरला विचारलं की धावपट्टीवर दिवे दिसताहेत, उतरायची परवानगी पक्की ना? टॉवरमध्ये तेव्हा एकच नियंत्रक सगळं सांभाळत होता. त्यानं सांगितलं, २८ राइटवर तुमच्याशिवाय कुणी नाही. अगदी खरं सांगितलं त्यानं. २८ राइट रिकामीच होती. मग रांगेतल्या पहिल्या विमानाच्या वैमानिकाचा आवाज रेडिओवर आला: हा कुठे चाललाय, हा टॅक्सीवेवर आहे! दुसऱ्या विमानातल्यांनी आपले दिवे लावले. नियंत्रकानं वर जायला सांगितलं, तोवर ए-३२० च्या वैमानिकांनी स्वतःच विमान वर घ्यायला सुरुवात केली होती. स्वतःचं विमान जागेवर उभं असताना, आपलं काम नसताना जो बोलला, त्या माणसाचं मला फार मोल वाटतं.

५. दोन केबिनमधला निरोप राहिला तर नुसत्या अंतराचा उपयोग नाही. बंगळुरूला ७ जानेवारी २०२२ रोजी सकाळी एक धावपट्टी उड्डाणांसाठी आणि दुसरी उतरण्यासाठी चालू होती. मग एकाच धावपट्टीवर सगळं चालवायचं ठरलं, आणि दुसऱ्या धावपट्टीच्या नियंत्रकापर्यंत तो निर्णय पोचलाच नाही. परिणाम असा की कोलकात्याचं आणि भुवनेश्वरचं विमान समांतर धावपट्ट्यांवरून जवळजवळ एकाच वेळी उडाली आणि हवेत एकमेकांकडे येऊ लागली. रडारवर बसलेल्या नियंत्रकानं ते पाहिलं आणि दोघांना वेगळ्या दिशांना वळवलं. नवी मुंबईच्या आराखड्यात दोन समांतर धावपट्ट्यांमध्ये दीड किलोमीटरहून जास्त अंतर ठेवलंय, याचा मला मनापासून आनंद आहे. तरीही माझी नजर तिथे निरोपाच्या वहीवरच जाईल.

६. विमान उतरता उतरता पुन्हा वर गेलं, तर ती चांगली बातमी समजावी. पावसाळ्यात मुंबईला मी हे अनुभवलंय. लोक घाबरतात, चिडतात. मला आता त्या वैमानिकाला दारात भेटून धन्यवाद द्यावेसे वाटतात, आणि मी देतो.

७. टळलेल्या अपघाताला वाली नसतो. कुणी मेलं नाही, काही मोडलं नाही; मग "टळलं ना, आता कशाला वाढवता" हे वाक्य कुठल्याही खात्यात ऐकू येतं. सॅन फ्रान्सिस्कोतलं ते विमान दुसऱ्या दिवशी पुन्हा उडालं आणि कॉकपिटमधल्या त्या शेवटच्या मिनिटांच्या संभाषणावर नवं ध्वनिमुद्रण चढलं. दोन थकलेली माणसं एकमेकांशी काय बोलली, हे अमेरिकेच्या तपास मंडळाला कधीच ऐकता आलं नाही. पुढे २०२४ च्या अमेरिकी कायद्यानं दोन तासांऐवजी पंचवीस तासांचं मुद्रण बंधनकारक केलं. समांतर धावपट्टी बंद असेल तर रात्री नुसत्या नजरेवर उतरायचं नाही, असा नियम त्या विमानतळावर आला. माझी इच्छा एवढीच आहे की आपल्याकडेही अशा प्रत्येक घटनेचा अहवाल, अपघाताच्या अहवालाइतकाच सविस्तर, सगळ्यांना वाचायला मिळावा. बंगळुरूच्या त्या रडार नियंत्रकानं पडद्यावर नेमकं काय पाहिलं आणि किती सेकंदांत निर्णय घेतला, हे उद्या त्या खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला शिकवलं जायला हवं.